मार्ग आखून ड्रायव्हर मिळत नाहीत

अमेरिकेत शाळांच्या पिवळ्या बसना ड्रायव्हर कमी पडले, की एक तोडगा हमखास पुढे येतो. तिथले आयटीतले मराठी पालकही तो ठासून सांगतात.

गैरसमज: कॉम्प्युटरने मार्ग नीट आखले की टंचाई संपते.

वस्तुस्थिती: केंटकीतल्या लुईव्हिल शहरात जेफरसन काउंटीच्या शाळांनी नेमकं हेच केलं. सल्लागार कंपनीच्या सॉफ्टवेअरने सुमारे ७३० मार्गांचे ६०० केले, शाळा भरायच्या वेळाही बदलल्या. ९ ऑगस्ट २०२३ हा शाळेचा पहिला दिवस. शेवटची मुलं घरी पोचली तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते. पुढे आठवडाभर शाळाच बंद ठेवाव्या लागल्या.

यातून काही शिकायचं की नाही? एकच बस आधी एका शाळेची मुलं सोडते, मग दुसरीची. पहिली फेरी वीस मिनिटं रखडली की पुढच्या सगळ्या रखडतात. सॉफ्टवेअर आहेत त्या माणसांचा वेळ ताणतं, नवा माणूस आणत नाही.

माणसं का येत नाहीत, हे काम जवळून पाहिलं की कळतं. पहाटे अंधारात बॅटरी घेऊन बसभोवती फिरायचं: दिवे, टायर, ‘स्टॉप’ची पाटी, संकटकालीन दार. फेरी संपल्यावर शेवटच्या बाकापर्यंत जाऊन कुणी झोपलेलं राहिलं नाही ना, हे पाहायचं. मग दुपारपर्यंत बहुधा बिनपगारी खोळंबा आणि पुन्हा फेरी. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये हे ड्रायव्हर २०१९ पेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते, आणि त्यांची मजुरीही सर्वसाधारण कामगारापेक्षा कमी होती.

बाकीचे तोडगेही असेच. ‘सैनिक बोलवा.’ मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२१ मध्ये नॅशनल गार्ड या राखीव दलाला बोलावलं. जवानांनी छोट्या व्हॅन चालवल्या; ती तात्पुरती मदत होती.

‘ट्रकवाला उद्यापासून बस चालवेल.’ नाही. त्याच्या परवान्यावर प्रवासी वाहतूक आणि स्कूल बस अशा दोन वेगळ्या नोंदी लागतात.

‘पालक गाडीने सोडतील.’ अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या मते स्कूल बस मोटारीपेक्षा सुमारे ७० पट सुरक्षित आहे. शिवाय ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनी काय करायचं?

‘बससेवाच सरसकट बंद करा.’ ज्या दिव्यांग मुलांना बसची गरज आहे त्यांना, आणि बेघर मुलांना, ती नाकारता येत नाही. तसा केंद्रीय कायदा आहे.

मग शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टने करायचं काय? आधी नोकरी सुधारा. ठरावीक तासांची हमी द्या, दुपारी स्वयंपाकघरात किंवा वर्गात पगारी काम द्या, आरोग्य विमा द्या, परवान्याचं प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने द्या. तरीही फेऱ्या कमी कराव्या लागल्या, तर कुणाची बस बंद होणार हे पालकांना काही महिने आधी, वसंतातच सांगा. नवे मार्ग शाळा सुरू होण्याआधी रिकाम्या बसने, ड्रायव्हरांना घेऊन, खऱ्या रहदारीत चालवून पाहा. त्यांनी ‘हे जमणार नाही’ म्हटलं, तर वेळापत्रक बदला.