आधी सेल मोजा

सकाळी ९.३०. दुकानाचं शटर वर. काल भरून ठेवलेली १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आता मीटरवर १३.४ दाखवतेय, म्हणजे भरलेली आहे. हीच १३.१ ला असती, तर किती शिल्लक हे मी छातीठोक सांगितलं नसतं. या रसायनाचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही. इन्व्हर्टरवरचे चार दिवे बघून टक्के सांगणाऱ्यांना नमस्कार.

१०.४५. एक दवाखाना. तक्रार अशी, की लाइट असतानाच नवी बॅटरी ‘बंद पडते’. इन्व्हर्टर जुना, खटका ‘ट्युब्युलर’वर. बूस्टला मीटर १४.८ वर गेला आणि आतल्या बीएमएसने, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या सर्किटने, चार्जिंग तोडलं. बॅटरीने आपलं काम चोख केलं होतं. खटका ‘एसएमएफ’वर टाकला, १४.१ ला स्थिरावला, फ्लोट १३.५. डॉक्टर म्हणाले, “अहो, बॅटरीवर तर १४.६ लिहिलंय.” लिहिलंय खरं, पण ती वरची हद्द आहे. चार सेल, प्रत्येकी ३.६५. सेलमागे ३.५ दिले आणि थोडा वेळ धरला, तरी बॅटरी जवळपास पूर्ण भरते. वरच्या दीडदशांश व्होल्टात साठा नगण्य, ताण मात्र सगळा तिथेच.

दुपारी १. मळ्यातल्या घराचं सोलर. मालकांनी फोनवर सांगितलं होतं, “४८ व्होल्टची बॅटरी आहे, ५६ लावून टाका.” बरं झालं, आधी लेबल वाचलं. १६ सेलच्या बॅटरीवर सहसा ५१.२ छापलेलं असतं. हिच्यावर ४८ होतं, म्हणजे बहुधा १५ सेल. ५६ ला १५ ने भागा: सेलमागे ३.७३. बीएमएस अडवेल हो, पण रोज उन्हात त्याच्याच भरवशावर राहायचं का? ५२.५ लावलं. इक्वलायझेशन बंद. तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद. ती लीड-अ‍ॅसिडसाठी असते. खालचा कट सेलमागे ३ धरून ४५. मग भाकरी-पिठलं, आग्रह मोडवला नाही.

५.१५. दुकानात दुरुस्तीला आलेली १०० एएचची बॅटरी. १४.२ वर तीन सेल ३.५२, चौथा ३.६४. एकूण आकडा शहाण्यासारखा, आत मात्र एकजण पुढे पळतोय. व्होल्टेज वाढवलं तर तोच आधी हद्दीला भिडणार. म्हणून चार्जर १३.८ वर उतरवला. इथे बॅलन्सर चालू राहतो आणि पुढच्या सेलमधला जादा चार्ज हळूहळू जाळतो. हळूहळू म्हणजे किती? ५० मिलिअँपिअरने १ एएच उतरवायला २० तास.

७.३०. गिऱ्हाइकाचा फोन. “दादा, आज मिळेल ना?”

“उद्या रात्री या. आणि येताना चार्जर घेऊन या, त्याचंही व्होल्टेज बघतो.”