नदीनाल्यांची सफाई : श्रमदान व त्यापुढील काम

चंद्रपूर शहर इरई व झरपट या नद्यांच्या काठी वसले आहे. झरपटीच्या तीरावरील महाकालीच्या देवळाशी चैत्रात मोठी यात्रा भरते. याच पात्रात शहराचे सांडपाणी व प्लॅस्टिकचा कचरा येतो. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी पोसते. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल हवेत सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिने पाणी झाकले म्हणजे प्राणवायू घटून मासे मरतात व प्रवाह तुंबतो.

येथील इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी मार्च २०१७ पासून गोंडकालीन परकोटाची नित्य सफाई केली. रामाळा तलावाच्या शुद्धीकरणासाठी मात्र २०२१ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना उपोषण करावे लागले. कारण उघड आहे. भिंतीवरील कचरा हातांनी निघतो. पाण्यात मिसळणारी घाण उगमापाशीच अडवावी लागते.

गावच्या नाल्याची किंवा मामा तलावाची सफाई पावसाळ्यापूर्वी करावी. जलपर्णी फुलण्याआधी मुळांसह काढावी. तिचे बी गाळात अनेक वर्षे टिकते. काढलेला ढीग काठावर ठेवू नये. पहिल्या पुरात तो परत पात्रात जातो. प्लॅस्टिक निवडून वेगळे करावे, जाळू नये; ते गुरांच्या पोटात गेल्यास प्राणावर बेतते. उरलेली जलपर्णी शेणाचे थर देऊन खड्ड्यात चांगली कुजवावी. त्यानंतर ग्रामसभेने सांडपाण्यासाठी शोषखड्डे व कचऱ्यासाठी ठरावीक जागा नेमावी. एरवी पुढील वर्षी तेच श्रम पुन्हा करावे लागतील.