काचेच्या भट्टीतले सोने

खिडकीच्या काचेची कड निरखून पाहिली तर ती हिरवट दिसते. वाळूत लोखंड असतेच, त्याची ही झाक. म्हणजे फिकट हिरवा रंग काचेला फुकटच मिळतो. उलट तो घालवण्यासाठी पैसे मोजावे लागतात. निळा रंगही फारसा महाग पडत नाही. कोबाल्ट स्वस्त नसले, तरी हजार भागांत त्याचा एक भाग काच गडद निळी करायला पुरतो. अडते ते लाल रंगापाशी, आणि त्यातही सोन्याच्या लाल रंगापाशी.

या काचेसाठी सोने अम्लराजात विरघळवतात आणि ते द्रावण वाळूच्या मिश्रणात घालतात. सोने लागते अगदी थोडे, दहा हजार भागांत एखादा भाग. तरी टनाला शंभर ग्रॅम झालेच. पण माझ्या मते खरी किंमत सोन्याची नाही, भरवशाची आहे. वितळलेली काच थंड झाली की रंगहीन किंवा फिकट पिवळसर दिसते. सोने आत असूनही लाल रंगाचा पत्ता नसतो. ती पुन्हा तापवली की विखुरलेले अणू एकत्र येऊन मीटरच्या काही अब्जांश आकाराचे कण बनतात, आणि मग लाली उमटते. आच कमी पडली तर रंग धरत नाही. जास्त झाली तर कण फुगतात आणि काच तपकिरी, मळकट होते. ती मूस वाया गेली. सोन्याचा असा खेळ वाळू वितळवणाऱ्या कारागिराने केवळ नजरेच्या अंदाजावर जमवायचा, हे मला आजही थक्क करते.

योहान कुंकेल या जर्मन रसायनज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र हुकमी केले. ब्रांडेनबुर्गचा शासक फ्रीडरिश विल्हेल्म याने त्याला 1685 मध्ये पॉट्सडॅमजवळचे हाफेल नदीतले एक अख्खे बेट देऊन टाकले. कृती बाहेर फुटू नये म्हणून तिथे परक्यांना मज्जाव होता. 1688 मध्ये हा शासक वारला, पुढच्याच वर्षी भट्टी जळाली, आणि कुंकेल पुढे स्वीडनला गेला.

लाली का येते, हे मात्र कळायला वेळ लागला. 1857 मध्ये मायकेल फॅरेडेने तिचे कारण सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांत असल्याचे मांडले. पुढे रिचर्ड झिगमोंडीने असे कण पाहण्याची सूक्ष्मदर्शी तयार केली. 1925 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेलेनियम आणि कॅडमियमची लाल काच आली. ती सोन्याहून पुष्कळ स्वस्त, पण सेलेनियमचा बराच भाग भट्टीतून वाफ होऊन उडून जातो, आणि कॅडमियम विषारी. कामगाराच्या फुप्फुसांचा हिशेब त्या किमतीत धरलेला नसतो, तो धरायला हवा. सोने वाचवायला दुसरी युक्ती होती, साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवायची. इंग्लंडमधले व्हिक्टोरियन काळातले गुलाबी प्याले बऱ्याचदा असेच बनलेले आहेत.

जुन्या बाजारात लाल काचेचे भांडे सापडले, तर भाव विचारण्याआधी ते उजेडात धरा. लालीत नारिंगी छटा असेल तर बहुधा सेलेनियम. गुलाबी-जांभळ्याकडे झुकत असेल, तर आत सोने असण्याची शक्यता मोठी.