मध जखमेवर लावायचा, पण औषधाच्या शिस्तीने

पावसाळा सुरू झाला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांच्या जखमा चिघळू लागतात. गाडीने खरचटलेला पाय असो की भांडणात फाटलेला कान, ओल आणि माश्या यांमुळे साधी जखमही बघता बघता बिघडते. तबेल्यातल्या म्हशींच्या सडांना चिरा पडतात, मुरबाडकडच्या बैलांचे खांदे जुवाने सोलवटतात. अशा वेळी ‘मध लावा’ असा सल्ला कोणीतरी देतोच. त्याला आजीबाईच्या बटव्यातला उपाय म्हणून हसणारे जसे आहेत, तसे मधाने काहीही बरे होते असे मानणारेही आहेत. दोघांचेही चुकते. उघड्या जखमेवर मध खरोखर काम करतो. मात्र त्याला औषध म्हणायचे, तर औषधाची शिस्तही लावली पाहिजे.

मधाच्या गुणामागे चमत्कार काही नाही. त्यात सुमारे ८० टक्के साखर असते आणि पाणी साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. इतका दाट पदार्थ जंतूंच्या पेशीतले पाणी ओढून घेतो आणि जखमेतला स्रावही बाहेर खेचतो. मध आम्लधर्मी असल्याने पुष्कळ जंतूंना तो मानवत नाही. शिवाय मधमाशीने त्यात मिसळलेले एक विकर जखमेतल्या ओलाव्याशी संबंध येताच हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे सोडत राहते. म्हणजे सौम्य जंतुनाशक जागच्या जागी तयार होते. सुश्रुतसंहितेत व्रणोपचारात मध आहे, त्याचा उलगडा असा होतो. मात्र मध फार तापवला की हे विकर निकामी होते.

या उपायाच्या आधुनिक अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधाची पट्टी लावलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांच्या जखमा १५ दिवसांत भरल्या. चांदीयुक्त मलम लावलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. इतक्या मोठ्या फरकाबद्दल शंका घेतल्या गेल्या, कारण भाजण्यावरच्या अशा चाचण्या बहुतांशी एकाच केंद्रातून आल्या होत्या. तरी वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५च्या आढाव्याने मध्यम खोलीच्या भाजण्यावर मध गुणकारी असल्याचे मान्य केले. इतर बऱ्याच जखमांबाबत पुरावा अपुरा ठरवला. आता, माणसाचा पुरावा जनावराला कसा लावायचा, हा आक्षेप रास्त आहे. त्याला घोड्यांवरच्या अभ्यासाने काही अंशी उत्तर मिळते. इस्रायलमधल्या पशुवैद्यांनी १२७ घोड्यांच्या फाटलेल्या जखमांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. टाके घालण्यापूर्वी आत वैद्यकीय मध भरलेल्या जखमा अधिक नीट भरल्या आणि त्यांत संसर्गही कमी झाला. कुत्रे आणि म्हशींबाबत एवढ्या मोठ्या चाचण्यांचे पाठबळ नाही, म्हणून दावाही तेवढ्याच बेताने करायला हवा.

खरा अडसर मधाच्या शुद्धतेचा आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२० साली तपासलेल्या १३ ब्रँडपैकी फक्त ३ सर्व चाचण्यांत उतरल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले. साखरेच्या पाकाची भेसळ असेल, तर जखमेवर आपण काय थापतो आहोत? मग शहापूर-मुरबाडच्या रानातला आग्या माशीचा मध चालेल का? तो अस्सल असला तरी पोळे पिळून काढताना त्यात मेण, परागकण, अळ्यांचे अंश येतात, आणि पाणी जास्त असेल तर तो आंबतो. शुद्ध मधातही क्लॉस्ट्रिडियम जंतूंची बीजे असू शकतात. म्हणून वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात; त्याने विकर फारसे बिघडत नाही. असा मध महाग पडतो, ही तक्रार खरी आहे. पण खाण्याचा मध खोल जखमेत भरून संसर्ग ओढवला, तर ती काटकसर महागच पडते.

मुंग्या लागतील, कुत्रे चाटून टाकेल, हाही आक्षेप असतो. त्यासाठी जखम धुऊन मधाची गॉझ पट्टी झाकून बांधायची, रोज बदलायची आणि गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालायची. जे कुत्रे हाताळता येत नाही, त्याच्यावर हा उपाय चालणार नाही. अळ्या पडलेली जखम, खोल चावा, बरी न होणारी गाठ यांना आधी पशुवैद्य लागतो. चावणाऱ्या प्राण्याला रेबीज असण्याची शक्यता असेल, तर मधावर विसंबणे जीवघेणे आहे. कासदाह झालेल्या म्हशीच्या सडात मध सोडणेही घातक. मधमाशीच्या इतर पदार्थांपैकी मेण मलमाचा आधार म्हणून उपयोगी आहे. माशीचे विष टोचण्याचे प्रयोग मात्र करू नयेत, कारण त्यातून तीव्र ॲलर्जी होऊ शकते.

तरीही मधाचा नाद सोडू नये. दुभत्या जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरू शकतो आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढत आहेत. वरवरच्या जखमेला प्रतिजैविकाशिवाय भागले, तर फायदा सगळ्यांचाच. परळला १८८६पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. सह्याद्रीतला मध निर्जंतुक करून आपल्या कुत्र्यांवर, म्हशींवर त्याची रीतसर चाचणी या दोन्ही संस्थांनी मिळून घ्यावी. तोवर प्राणिप्रेमींनी एवढे पाळावे: जखम आधी पशुवैद्याला दाखवा, त्यांनी हो म्हटले तरच मध लावा, आणि तो वैद्यकीय दर्जाचाच असू द्या.