शाळेच्या समितीवर निवडून या : पालकांच्या हातातली निवडणूक आणि तिची ताकद

शाळा सुरू झाल्या की मोहल्ल्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. उर्दू शाळेत शिक्षक कमी आहेत. मुलगा चौथीत गेला तरी त्याला धड वाचता येत नाही. सातवीनंतर मुलीला कुठं पाठवायचं? संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. ही चर्चा चहाच्या टपरीवर होते, लग्नात होते, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर होते. पण जिथं तिची लेखी नोंद होईल आणि ठरावाचा कागद पुढं अधिकाऱ्याच्या टेबलावर जाईल, तिथं आपण क्वचितच पोहोचतो. ती जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती.

नगरसेवकाच्या निवडणुकीत आपल्या वस्तीत मध्यरात्रीपर्यंत बैठका चालतात. शाळेच्या समितीची निवड मात्र कधी झाली, कोण निवडून आलं, हे बहुतेक घरांना माहीतही नसतं. खरं तर मुलाच्या रोजच्या शिक्षणाशी या निवडीचा संबंध कितीतरी जवळचा आहे. तिथं ना डिपॉझिट लागतं, ना पक्षाचं तिकीट. आपलं मूल त्या शाळेत शिकत असणं, एवढीच पात्रता.

समिती म्हणजे नेमकं काय?

अनेकांच्या डोक्यात अजून जुनं 'शिक्षण मंडळ' असतं. महापालिका आणि नगरपालिकांची ही मंडळं १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानुसार चालायची आणि तिथं राजकीय पक्षांची माणसं बसायची. राज्य सरकारने २०१३ मध्ये ती रद्द करण्याचा निर्णय घेतला. आज पालकांसाठी महत्त्वाची आहे ती प्रत्येक शाळेची स्वतंत्र समिती.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये तिची तरतूद आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. म्हणजे १६ जणांच्या समितीत १२ पालक आणि किमान ८ महिला. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचा लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ किंवा विद्यार्थी येतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, पण अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. दर दोन वर्षांनी समिती नव्याने तयार होते आणि बैठक दर महिन्याला घ्यायची असते.

कायद्याने समितीला तीन मोठी कामं दिली आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि सरकार किंवा पालिकेकडून आलेल्या पैशांचा वापर तपासणं.

आधी बघा, आपली शाळा कोणाची आहे?

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. 'उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक शाळा' असा समज आहे. तो बरोबर नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेची उर्दू शाळा ही सरकारी शाळा आहे. तिला हा कायदा पूर्ण लागू होतो. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, त्यात उर्दूही आहे. त्या शाळेतल्या पालकांना मराठी शाळेतल्या पालकांइतकेच अधिकार आहेत.

आपल्या समाजाच्या ट्रस्टने किंवा सोसायटीने चालवलेली शाळा वेगळी. मुंबईत १८७४ मध्ये सुरू झालेल्या अंजुमन-ए-इस्लामपासून अशा संस्थांची मोठी परंपरा आहे. संविधानाच्या कलम ३० मुळे त्यांना आपला कारभार स्वतः करण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अशा शाळांतली समिती फक्त सल्ला देणारी ठरवली. त्यानंतर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात सांगितलं की, शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागूच होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालावर प्रश्न उपस्थित करून विषय मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. ट्रस्टच्या शाळेत पालकांना पालक-शिक्षक संघाचा रस्ता आहे. पण ट्रस्टींनी स्वतःहून पालकांना हिशेब दाखवायला आणि निर्णयात घ्यायला कुणाचीच मनाई नाही, हेही त्यांना अदबीने सांगायला हवं.

हा लेख मुख्यतः सरकारी आणि पालिकेच्या शाळांतल्या पालकांसाठी आहे. कारण गरीब घरातली मुलं तिथंच जास्त आहेत.

निवडून कसं यायचं?

निवड पालक सभेत होते. त्यासाठी मुख्याध्यापकांनी सूचना काढायची असते. पहिलं काम म्हणजे शाळेत जाऊन सरळ विचारा, 'सध्याच्या समितीची मुदत कधी संपते? पालक सभा कधी आहे?' उत्तर तोंडी मिळालं तर एक साधा अर्ज लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. असा एक कागद आधीच शाळेत गेलेला असेल, तर चार ओळखीच्या पालकांना बोलावून सह्या घेण्याचा प्रकार सहज होत नाही.

दुसरं काम म्हणजे पालकांना सभेला आणणं. आपल्याकडे खरी अडचण वेळेची आहे. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, तिथं सभा शुक्रवारी दुपारनंतर ठेवली तर बाप येऊ शकतो. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला सकाळी अकराची सभा म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणं. म्हणून सभेची वेळ बदलून मागणं हीच प्रचाराची पहिली मागणी होऊ शकते.

तिसरं, बायकांना फक्त नावापुरतं उभं करू नका. निम्म्या जागा त्यांच्या आहेत, त्या कायद्याने आहेत. बऱ्याच ठिकाणी नाव बायकोचं आणि खुर्चीवर नवरा, असं चालतं. मुलाचा डबा, आजारपण, गृहपाठ, शाळेतून परत येतानाचा चेहरा हे सगळं आईला माहीत असतं. संडासाअभावी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, हे सभेत आईच सांगू शकते. आई शिकलेली नसली तरी चालतं. समितीवर बसायला शिक्षणाची अट नाही.

कोणत्या मुद्द्यांवर उभं राहायचं?

'शाळा सुधारू' एवढं बोलून काही होत नाही. मुद्दे थोडे असावेत आणि मोजता येतील असे असावेत.

वाचन आणि हिशेब : तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. ते २०२१ मध्ये सुरू झालं आणि त्याची मुदत २०२६-२७ ची आहे. समितीत दर महिन्याला एकच प्रश्न विचारा, 'तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं? मागच्या महिन्यात किती होती?' या एका आकड्याभोवती शाळेचं लक्ष फिरू लागतं. उर्दू माध्यमात मराठीचंही विचारा. पुढं कॉलेज, नोकरी, सरकारी अर्ज, सगळीकडे मराठी लागते आणि ती दहावीत गेल्यावर अचानक येत नाही.

शिक्षक : कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक आणि गणित-विज्ञान, समाजशास्त्र, भाषा यांना वेगवेगळे शिक्षक. किती पदं मिळणार हे संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता पटावर ठरते. म्हणून मुलांचे आधार तपशील नीट नोंदले गेलेत का, हे पालकांनीच बघायला हवं. नोंद अडली, पट घटला की पद जातं. उर्दू माध्यमात राखीव प्रवर्गाच्या जागा पात्र उमेदवारांअभावी रिकाम्या राहतात, ही जुनी तक्रार आहे. तिच्यावर एका शाळेच्या ठरावाने तोडगा निघणार नाही. मात्र तालुक्यातल्या दहा शाळांनी एकच ठराव पाठवला तर त्याचं वजन वेगळं असतं.

आठवीचा वर्ग : गावची उर्दू शाळा सातवीला संपते आणि पुढची शाळा लांब असते, तिथं मुलगी घरी बसते. नियमानुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. त्यामुळे आठवीचा वर्ग जोडून मागणं किंवा येण्या-जाण्याची सोय मागणं ही मेहरबानी मागणं नव्हे, तो मुलीचा हक्क आहे.

पैसा : समग्र शिक्षा योजनेत शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान देण्याची तरतूद आहे. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार आणि २५१ ते १,००० असेल तर ७५ हजार रुपयांपर्यंत. त्यातला किमान १० टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा असतो. किती आले, कशावर गेले, हे शाळेच्या फळ्यावर लिहा अशी मागणी करा.

खिचडी आणि गणवेश : पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. डाळ पातळ आहे की दाट, हे चाखून बघायला तज्ज्ञ लागत नाही. गणवेशाचं उदाहरण तर ताजं आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने एकाच ठिकाणाहून गणवेश देण्याचा प्रयोग केला. उशीर झाला, मापं चुकली, तक्रारी आल्या आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे आलं. समिती जागी असेल तर मोहल्ल्यातल्या बचत गटाच्या शिवणाऱ्या बायकांनाही त्यातून काम मिळू शकतं.

समितीला काय करता येत नाही?

हेही आधीच स्पष्ट असलेलं बरं, नाहीतर निवडून आल्यावर निराशा येते. समिती शिक्षकाची नेमणूक किंवा बदली करू शकत नाही. अभ्यासक्रम बदलू शकत नाही. शाळेचं माध्यम स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाही. तिच्या हातात आहे ते बघणं, विचारणं, ठराव करणं आणि पाठपुरावा करणं.

शिक्षकांशी वैर घेऊनही काम होत नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांत शिक्षकांचा बराच वेळ जातो. चांगला मुख्याध्यापक असेल तर पालकांचा ठराव त्याच्याही हाताला बळ देतो, कारण तीच मागणी त्याने एकट्याने केली तर ती फाइलमध्ये पडून राहते.

निवडून आल्यावर पहिले काही महिने

पहिल्या बैठकीत मागच्या दोन वर्षांचं इतिवृत्त आणि खर्चाचं रजिस्टर वाचायला मागा. न वाचता सही करू नका, आणि गैरहजर असताना झालेल्या बैठकीच्या नोंदीवर तर मुळीच नको. दुसऱ्या बैठकीआधी शाळेत फेरी मारा. वर्गखोल्या, मुलींचं वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, कुंपण, वाचनालयातली पुस्तकं कपाटात बंद आहेत की मुलांच्या हातात, हे लिहून काढा. त्यावरून शाळा विकास आराखडा बनतो. तो तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हायला हवा. सरकार निधी आणि अनुदानाचा विचार या आराखड्याच्या आधारे करेल, अशी कायद्यातच तरतूद आहे.

सांगूनही काही हललं नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या पालिकेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

शिक्षणात आपण मागे आहोत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच आकड्यांसह सांगितलं. त्यावर भाषणं खूप झाली. आता शाळेच्या पायरीवरचं काम बाकी आहे. इल्म हासिल करणं फर्ज आहे असं आपण मुलांना सांगतो, तर ज्या शाळेत तो इल्म मिळतो तिची काळजी घेणं पालकांवर येतंच. या आठवड्यात मुलाला सोडायला जाल तेव्हा गेटवरून परत फिरू नका. ऑफिसात जा आणि विचारा, पुढची पालक सभा कधी आहे?