उचल न घेता

आष्टीच्या बस स्टँडजवळच्या एका मोबाईल टपरीवर मी उभा आहे. काचेवर अर्धवट सोललेला स्टिकर आहे : 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. गाणी, कीर्तनं, पिक्चर कार्डात भरून द्यायचा हा धंदा 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बसला. टपरीवाल्याने खणातून जुना कार्ड रीडर काढलाय, फुंकर मारून त्यातली धूळ उडवतोय. माझ्या पेनड्राइव्हमध्ये पिक्चर नाही, बुद्धिबळ आहे. ड्रॉइडफिश नावाचं अ‍ॅप. एकदा फोनात बसलं की नेट लागत नाही, जाहिरात येत नाही, पैसे मागत नाही.

"पण नेट कुणाला नाही आता? टॉवर तर हे काय समोर," टपरीवाला म्हणतो.

टॉवर आहेच. पण इथे नेट नसणं म्हणजे टॉवर नसणं नव्हे, रिचार्ज संपलेला असणं. दिवाळी उलटलीय, साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेत आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात आहेत. घरात स्मार्टफोन एकच, तोही बापाच्या खिशात. पोरं बरोबर गेली तर पाच-सहा महिने उसाच्या फडाकडेला, कोपीत. तिथे संध्याकाळी करायला काय असतं, हे मी कुणाला विचारत नाही.

एक बाई फोन पुढे करते. नवरा मुकादमाकडे गेलाय. बरोबर अकराएक वर्षांचा मुलगा आहे, त्याची नजर फोनवरून हलत नाही.

"किती द्यायचे?"

"काही नाही."

"मग नंतर?"

"नंतरही नाही."

ती टपरीवाल्याकडे बघते. तो खांदे उडवतो.

"आसं कसं? उचल म्हणून तरी कुठं लिवून ठिवत असतील की."

या प्रश्नावर मला पटकन उत्तर सुचत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याची उचल आधी घ्यायची आणि अख्खा हंगाम ती फेडत राहायची. अंगावर आलेला पैसा कसा वाढतो हे तिला माझ्यापेक्षा पक्कं माहीत आहे. फुकट म्हटल्यावर तिने सावध होणंच बरोबर आहे.

मी सांगून बघतो. ज्यांनी हे केलं त्यांनीच लिहून दिलंय : कुणीही घ्या, कुणालाही द्या, हवं तर बदला. अट एवढीच की पुढच्यालाही हीच मोकळीक द्यायची आणि आतलं लिखाण, म्हणजे कोड, झाकून ठेवायचं नाही. ही अट नुसती कागदावरची नाही. ती मोडल्याचा आरोप ठेवून या अ‍ॅपच्या आतल्या इंजिनाच्या, स्टॉकफिशच्या, मंडळींनी 2021 साली जर्मनीतल्या चेसबेस कंपनीला कोर्टात ओढलं होतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. म्हणून माझ्या पेनड्राइव्हवर कोडचंही एक फोल्डर आहे. आष्टीत ते कोण उघडणार? पण अट ती अट.

"टाका मग," ती म्हणते. पटलेलं दिसत नाही, पण पोरगा तिच्या पदराला ओढतोय.

फोन मध्येच अडतो. अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप घेऊ का, विचारतो. टपरीवाला न वाचता परवानगी देऊन टाकतो. पट उमटतो. मुलगा प्यादं सरकवतो, घोडा काढतो, मग वजीर. आणि बघता बघता मात होते. पुन्हा मांडतो, पुन्हा मात. तळहात चड्डीला पुसतो. चूक माझी, यंत्राची ताकद पूर्ण ठेवलेली. जगज्जेत्यांनाही जे हरवतं त्याच्यासमोर मी हे पोर बसवलंय. सेटिंगमध्ये जाऊन ताकद खाली आणतो.

पलीकडे पोत्यावर बसलेले त्याचे आजोबा हात पुढे करतात. "आण इकडं."

आबांनी राजा, वजीर, उंट, हत्ती लगेच ओळखले. चार चाली सावकाश होतात. मग ते राजावर बोट ठेवून त्याला अडीच घरं उडवतात. राजा गपकन जागेवर परत.

"बोट नीट लागंना व्हय?"

"आबा, राजा घोड्यावानी नाही चालत."

"एकदा चालतो. शह बसायच्या आधी, एकदाच."

आबा चुकत नाहीत. आपल्या देशी डावात राजाला किल्लेकोट नाही, ही एक उडी आहे. प्यादंही पहिल्या चालीला एकच घर. याच देशी डावात घडलेला पंजाबचा मीर सुलतान खान इंग्लंडला गेला, तिकडचे नियम शिकला आणि 1929 साली ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. ते मी आबांना सांगतो. त्यांना त्याचं काही नवल नाही.

"ह्याला शिकवलं कुणी?" फोनकडे बघत ते विचारतात.

"नॉर्वे आणि इटलीच्या माणसांनी सुरुवात केली. 2008 साली. नाव ठेवलं स्टॉकफिश. म्हणजे सुकवलेला मासा. नॉर्वेत वाळवतात, इटलीत शिजवतात."

"म्हंजे सुकट."

टपरीवाला मोठ्याने हसतो. आबा हसत नाहीत. पुन्हा एकदा राजा उडवून बघतात, तो पुन्हा परत येतो. ते फोन नातवाला देतात आणि धोतराचा सोगा झटकून उठतात. ते टोळीबरोबर जायचे नाहीत, मागे घर राखायला थांबणार. त्यांचा फोन बटनांचा आहे. त्यात यातलं काहीच बसणार नाही.

तेवढ्यात आणखी दोन पोरं येऊन उभी राहतात. आमच्या मुलाने टपरीवाल्याचं बघून ब्लूटूथ चालू केलंय आणि तोच एकाच्या फोनात फाईल पाठवतोय. मला कुणी विचारत नाही. रेघ हळूहळू भरतेय, मध्येच थांबतेय.

"आमी परवा निघतोत," बाई सांगते, आणि फोन हातात घेऊन बॅटरी बघते. "तिकडं लाईट नसती कोपीवर. हे चार्जिंग लई खातंय का?"

खातं, मी म्हणतो. विचार करायला लागलं की खातं.

"मग ट्रॅक्टरवर लावावा लागंल," ती मुलाला म्हणते. "ड्रायव्हरला म्हन, कामाचा फोन हाय."