सायकलची निगा (भाग 6) : ब्रेक दाबला तरी चाक का थांबत नाही?

मागच्या भागात आपण साखळी साफ करून तिला तेल दिलं. तेल देताना त्यातले दोन थेंब रिंगेवर उडाले असतील, तर आजचा विषय तुमच्या सायकलवर आधीच सुरू झालाय.

आपलं बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसलेलं. मलकापूरच्या वाटेवर राजूर घाट लागतो, खामगावच्या वाटेवर बोथ्याचा. पावसात इथं सायकल उतरवणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो : उन्हाळ्यात जागच्या जागी थांबणारी सायकल ब्रेक करकचून दाबला तरी सुळकन पुढे जाते. सायकल आणि स्वार मिळून 75 किलो धरले, तर दर 100 मीटर उंची उतरताना पाव लिटरहून जरा कमी पाणी उकळेल एवढी ऊर्जा जिरवावी लागते. तिचा बराचसा भार रबराच्या चार तुकड्यांवर पडतो.

जुन्या काळ्या सायकलींची रिंग लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. तो इतका गुळगुळीत असतो की पाण्याचा पातळ थर रबराखालून निसटतच नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी सायकलीच्या शास्त्रावरच्या पुस्तकात याचे आकडे दिले आहेत. ओल्या क्रोमवर साध्या रबराची पकड कोरड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी राहते, आणि ब्रेक पूर्ण दाबून ठेवला तरी ती परतू लागायला चाकाचे सरासरी 30 फेरे जातात. 28 इंची चाकाचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटरचा. म्हणजे सायकल 65 मीटरच्या पुढे गेल्यावर ब्रेक कुठे लागायला सुरुवात होणार! ॲल्युमिनियमच्या रिंगा या बाबतीत पुष्कळ बऱ्या.

आता घरी काय करता येईल? आधी रिंग धुवा. आपली काळी माती फार बारीक. सोयाबीनच्या शेतातून आलेल्या चाकावर ती वाळली की तिचा थरच बसतो. भांड्यांचा साबण किंवा चुलीची चाळलेली राख घेऊन घासा, भरपूर पाण्यानं धुवा, कोरड्या फडक्यानं पुसा. तेलकटपणा रॉकेलनं निघतो, पण रॉकेलचा स्वतःचा ओशटपणा मागे राहतो, म्हणून त्यानंतर साबण हवाच. इथं बहुतेकांचं एक चुकतं. दांडीच्या ब्रेकचं रबर रिंगेच्या बाजूला लागत नाही, ते आतून, आऱ्यांच्या अंगानं लागतं. लोक बाजू चकचकीत करतात आणि जिथं रबर टेकतं ती जागा तशीच मळकी राहते. बोटाला फडकं गुंडाळून दोन-दोन आऱ्यांच्या मधून ती पट्टी पुसावी लागते.

मग रबर काढून उजेडात धरा. त्यावर कडक, चमकदार थर दिसेल आणि नीट पाहिलंत तर त्यात रुतलेले वाळूचे कणही. कण सुईनं उपटा. सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर रबर घासा, मऊ काळं रबर वर येईपर्यंत. परत बसवताना होल्डरची बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला ठेवा. उलटं बसलेलं रबर ब्रेक दाबताच होल्डरमधून निसटू शकतं. तारेच्या ब्रेकला रबराच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा धरून नट आवळला, की पुढचं टोक आधी टेकतं आणि किंचाळणं कमी होतं.

कानशीनं रिंग खरवडण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नका. क्रोम गेला की गंज चढतो आणि तीच रिंग रबर खाऊन टाकते. यंत्राच्या पट्ट्याला लावतात तशी राळ रिंगेला लावणंही धोक्याचं : ब्रेक कुठे चिकटेल आणि कुठे सुटेल, याचा भरवसा नाही. जुन्या टायरचा तुकडा कापून बसवणारे पुष्कळ आहेत. वेळ निभावायला तो चालेल, घाटाला नाही. इंग्लंडमध्ये लोखंडी रिंगांसाठी चामडं लावलेली ब्रेक रबरं मिळत, कारण ओल्या क्रोमवर चामडं रबरापेक्षा चांगलं धरतं.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ही फार मोलाची गोष्ट. पण झिजलेलं रबर बदलायला वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात मिस्त्री बसवला पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. रबर धातूच्या होल्डरपर्यंत झिजलं असेल, तर वर सांगितलेलं काहीच उपयोगाचं नाही, नवं आणा.

सगळं झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल जोरात पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग रिंगेवर तांब्याभर पाणी ओता आणि पुन्हा ढकलून बघा. या वेळी जाणवेल तो फरक लक्षात ठेवूनच पावसात वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलका टेकवत चला, म्हणजे वळण येईपर्यंत रिंग पुसली गेलेली असेल.

पुढच्या आठवड्यात : चाकाची आऊट घरी कशी काढायची.